उपासाचा रंग

माझा साबुदाण्यावर राग आहे. खिचडीवर नाही, खिचडी मी मागून खाते. राग साबुदाण्यावर आहे. नवरात्र जवळ आलं, वाण्याने भगर, राजगिरा आणि शेंगदाण्याची पोती दुकानाच्या तोंडाशी आणून ठेवली, की मला उगाच चिडचिड व्हायला लागते. यंदाही झाली. आमच्या इमारतीतल्या बायका हल्ली नवरात्राचे नऊ रंग पाळतात. कुठल्या दिवशी कुठली साडी, याची यादी फोनवर फिरते. त्यांतल्या एकीने मला जिन्यात विचारलं, "मॅडम, तुम्ही नाही का रंग पाळत?" मी म्हटलं, "एका नवरात्रात पाळले होते. तेवढे पुरले." तिला वाटलं मी चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती.

नव्वदच्या दशकातलं नवरात्र होतं ते. मी श्रीरामपूरला एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. लग्न झालेलं नव्हतं. आई, दादा आणि वहिनी यांच्याबरोबर राहायचे. दादा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. पाऊस उघडलेला, ऊन पाठीला चावणारं, कारखान्याचा बॉयलर अजून पेटायचा होता आणि डागडुजीच्या ठोकाठोकीचा आवाज गावभर ऐकू यायचा. ऊसतोडीच्या पहिल्या टोळ्या येऊन माळावर कोप्या बांधत होत्या. त्या दिवसांत माझ्या वहिनीच्या शब्दाला तिच्या स्वतःच्या घरात किंमत उरली नाही. ती परत मिळते की नाही, एवढाच काय तो प्रश्न होता. आणि ती घालवायला निमित्त झालं ते मी दोन वर्षं खपून बनवलेल्या एका रेणूचं. आजही त्या रेणूचा विचार आला की कुणाशी तरी भांडावंसं वाटतं, पण भांडायचं कुणाशी ते ठरत नाही.

माझ्या विषयात याला यजमान आणि पाहुणा म्हणतात. यजमान म्हणजे निसर्गाने न केलेला, आपण प्रयोगशाळेत जोडजोड करून घडवलेला एक रेणू, आकाराने पेल्यासारखा. पेल्याच्या आत अशी जागा ठेवायची की तिच्यात ठरावीक एकच रेणू नीट बसावा. तो पाहुणा. माझा पाहुणा होता शरीरातलं एक आम्ल. पोटात अन्न नसलं की शरीर आपलीच चरबी जाळून दिवस काढतं, आणि त्या जाळाची राख रक्तात आणि लघवीत उतरते. त्या राखेतलं हे एक. त्याच्या भावंडांना ओळखणारी एक जुनी चाचणी होती, पण ती नेमकी यालाच सोडून द्यायची. मला याला धरायचं होतं. पेल्यात आधी एक रंग बसवून ठेवायचा. पाहुणा आला की रंगाने उठून त्याला जागा द्यायची, आणि उठलेल्या रंगाने नळीतलं पिवळं पाणी डाळिंबी करायचं. पिवळं म्हणजे पाहुणा नाही, डाळिंबी म्हणजे आहे. कागदावर इतकं सोपं.

हे मी एकदा जेवताना आईला समजावून सांगितलं. आई शाळेत गेलेली नव्हती, पण तिला माझं सगळं ऐकायचं असायचं. तिने विचारलं, "दुसरा कुनी आला तर बसू देत न्हाई का तुझा प्याला?"

"नाही बसू देत."

"म्हंजे जात बघूनच पानी पाजतो म्हन की."

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही. माझ्या आजोबांनी नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेतलेली, आणि त्याआधीच्या पाणवठ्याच्या गोष्टी आईच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकलेल्या. मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, की हा शास्त्रातला गुण आहे, याला निवडकपणा म्हणतात.

"आसंल," आई म्हणाली. "त्येबी तसंच म्हनायचे."

आणि खरं सांगायचं तर तो गुणही माझ्या पेल्याच्या अंगी सहजासहजी आला नाही. स्वच्छ पाण्यात तो शहाण्यासारखा वागायचा. लघवीत घातला की लग्नाच्या पंगतीत आगंतुक शिरावेत तसं मीठ येऊन बसायचं, आणखी कोण कोण येऊन बसायचं. अख्खा उन्हाळा त्याला शिस्त लावण्यात गेला. फिनॉल आणि फॉर्मॅलिन तापवायचं, चंबूच्या तळाशी हवी ती पांढरी पूड मिळण्याऐवजी चिकट राळ जमायची, ती खरवडायची आणि पुन्हा मांडायचं. लघवीचा स्वतःचा पिवळेपणा आडवा यायचा म्हणून ती आधी कोळशाच्या पुडीतून गाळून घ्यायची. चंबू धुवायला ॲसिटोन. त्याचा तो गोडसर, नाकात शिरणारा वास माझ्या बोटांना, पदराला, केसांना चिकटलेला असायचा. नखांचा रंग पुसायच्या बाटलीला येतो तोच. वहिनी म्हणायची, "ताई, कालिजात जाऊन नखं रंगवता का पुसता?" पावसाळ्यात केव्हातरी पेला ताळ्यावर आला. माझ्याकडे त्याची चिमूटभर पूड होती आणि मी ती सोन्यासारखी जपत होते.

जुन्या चाचणीशी ताडून बघायला एक साधं रसायन हवं होतं. कॉलेजच्या भांडारात ते संपलेलं. मागणी केली तर कार्यालयाने सांगितलं, तीन कोटेशनं आणा. एक नगरहून मिळालं, एक पुण्याहून. तिसरा दुकानदारच नव्हता. मी हे सांगितलं तर म्हणाले, नियम आहे. पुण्याचे माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक सर वेगळेच घाईत. "स्वच्छ पाण्यातली करामत पुरे झाली," ते म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत खऱ्या माणसांच्या नमुन्यांवर काहीतरी दाखवा, नाहीतर विषय बदलू." खरी माणसं, आणि तीही उपाशी, आणायची कुठून? तेव्हा मला नवरात्र सुचलं. गल्लीतल्या निम्म्या बायका घट बसल्यापासून उठेपर्यंत उपास धरणार. एवढी आयती सोय जगात कुठल्या शास्त्रज्ञाला मिळाली नसेल, असं वाटून मी स्वतःवरच खूश झाले.

इथेच माझी गाडी रुळावरून घसरली, आणि ती माझ्यासारखीचीच घसरू शकते. आमच्या घरात उपास नव्हता. आईला उपास माहीत होता तो बहात्तरच्या दुष्काळातला. खडी फोडायच्या कामावर ती पाणी पिऊन दुपार काढायची आणि संध्याकाळी रेशनवर मिळेल त्या लाल मिलो ज्वारीची भाकरी चौघांत वाटायची. उपास म्हणजे पोटात काही नसणं, हे मी तिच्याकडून शिकले होते. उपासाला लोक साबुदाणा खातात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मला वाटायचं, जीव राहावा म्हणून दोन घास टाकत असतील तोंडात.

पलीकडच्या देशमुखकाकूंनी बायका जमवून दिल्या. काकू मनाने मोकळ्या, बागायतदारांच्या घरातल्या, "शिक्षणाच्या कामाला नाही म्हणू नये" म्हणणाऱ्या. पण घरात घट बसलेले, सोवळं चाललेलं. अशात ती बाटली हातात कशी द्यायची? मग ठरलं, सकाळी बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायच्या आणि मी तिथून उचलायच्या. एके दिवशी कुणीतरी वर शेवंतीचं फूलही ठेवलं होतं, लाज झाकायला असेल. बाटल्या भिंतीवर असायच्या त्या बाटल्यांमुळे की माझ्यामुळे, हे मी कधी विचारलं नाही.

उपास करणाऱ्यांच्या शेजारी ठेवून बघायला उपास न करणारी माणसंही हवी होती, शास्त्रात ज्यांना कंट्रोल म्हणतात ती. त्यांच्यासाठी मला लांब जायचं कारण नव्हतं. आईने उडवून लावलं, "माझं मुतबी कालिजात नगं." मी स्वतः होते, दादाने कुरकुरत का होईना बाटली दिली, आणि वहिनीने तर आनंदाने दिली. वहिनी नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याकडची, डोंगरातली, भाताच्या मुलखातली. हसरी, बोलकी, कामाला वाघ. तिला भात लागायचा, आणि त्या दिवसांत तर जरा जास्तच लागत होता.

माझ्या मनातलं चित्र असं होतं, की भिंतीवरच्या बाटल्या डाळिंबी होतील आणि घरातल्या पिवळ्या राहतील. झालं उलटं. काकूंची पिवळी. त्यांच्या जावेची पिवळी. कोपऱ्यावरच्या गुरवीणबाई, ज्या चप्पलसुद्धा घालत नव्हत्या, त्यांचीही पिवळीधमक. माझी पिवळी, दादाची पिवळी. आणि डाळिंबी एकच, वहिनीची. मी नळ्या बदलल्या, पाणी बदललं, पुन्हा केलं. तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते वाईट वाटून नव्हे, संतापाने. जिथे बसायला हवं तिथे बसायचं नाही आणि जिथे काम नाही तिथे जाऊन ठाण मांडायचं, असला यजमान काय कामाचा?

त्याच वैतागात मी संध्याकाळी पानावर बसून विचारलं, "वहिनी, तुम्ही काल नीट जेवला होता ना?"

"जेवले की. तुमच्या म्होरंच जेवले, ताई."

"मग तुमच्या बाटलीत उपासाचं कसं निघतंय?"

आईचा हात परातीत थांबला. "उपासाचं म्हंजे?"

मी राखेचं ते सगळं पुन्हा सांगितलं. सांगताना माझं लक्ष माझ्या नळ्यांत होतं. घरात काय पेटतंय ते कळायला मला उशीर झाला. आई वहिनीकडे बघत होती. गेले काही दिवस वहिनी संध्याकाळी काकूंच्या अंगणातला भोंडला बघायला दाराशी उभी राहायची, गाण्यांवर टाळी धरायची. ती वाळत चालली होती, ब्लाऊजला तिने दोन्हीकडून आतून टाके घातले होते. हे सगळं आईच्या डोळ्यांसमोर एका ओळीत उभं राहिलं.

"कधीपासून धरलाय?" आईने विचारलं.

"काय, आत्या?" वहिनी आईला आत्या म्हणायची.

"उपास. देवीचा."

"न्हाई वो. म्या कशाला धरू? भूक तर निघत न्हाई मला."

"उपास आमी लई केलेत," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "देवापायी न्हाई केले. भाकर नव्हती म्हनून केले. माज्या घरात चार दाणे हायेत आता. भरल्या घरात कुनी मुद्दाम उपाशी ऱ्हायलं तर मला त्ये बघवनार न्हाई. देवाला चालत आसंल, मला न्हाई."

मी म्हटलं, "आई, माझा रेणूच बिघडलाय. तो उलटं दाखवतोय सगळं." दादा म्हणाला, "दोन वर्सं झाली, त्याचंच कवतिक सांगतीस. आन आता बिघडला?" खरंच मी दोन वर्षं दुसरं काही सांगितलं नव्हतं.

वहिनी उठून दादाजवळ गेली आणि म्हणाली, "तुमच्या गळ्याची आन. म्या एक बी उपास धरला न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून आई तिच्या समोर पाट टाकून बसायला लागली. एरवी भाकरी-कालवणाचं घर आमचं, पण आई हट्टाला पेटली. गूळ घालून चपाती, कारखान्याच्या सवलतीच्या साखरेचा शिरा, दुधात साखर. वहिनी खायची. नुसतं खायची नाही, पुन्हा मागून घ्यायची. वर तांब्या-तांब्या पाणी प्यायची. आईचा राग निवळत चालला होता, "खा, खा" म्हणताना तिचा हात वहिनीच्या पाठीवरून फिरायचा. मलाही बरं वाटलं. इतकं खाल्ल्यावर नळी पिवळी पडणारच, म्हणजे घरही शांत आणि माझा पेलाही खरा.

नळी पिवळी पडली नाही. आदल्या दिवसापेक्षा गडद झाली.

मी एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला. बाहेर माणसं खोळंबलेली, आत घाम, आणि मी लघवी, उपास, वहिनी असं ओरडून सांगतेय. सर म्हणाले, "तुमचा कंट्रोल खराब आहे. कंट्रोल बदला." फोन ठेवला आणि बिल चुकतं केलं. वहिनी बदलायची कशी, हे त्यांना विचारायचं राहून गेलं.

घरी मी काही बोलणार नव्हते. पण दादाने वदवून घेतलं, "आजचं काय निघालं?" आणि मला खोटं बोलता येत नाही. त्याने ऐकलं आणि सगळं जुळवलं. वहिनी आजकाल सारखी मोरीत जात होती. जेवून उठली की जायची, मध्येच झोपेतून उठून जायची. समोर बसून खायचं आणि आत जाऊन ओकायचं, म्हणजे उपासही मोडत नाही आणि सासूचंही मन राहतं, असा त्याने अर्थ लावला. अर्थ चोख बसत होता. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, की सगळ्या निरीक्षणांना लागू पडतं ते उत्तर धरा. दादाने तेच केलं होतं.

"आपन शपथा मानत न्हाई," तो वहिनीला म्हणाला. "पन खोटं बोललेलं मानतो. माज्या गळ्याला हात लावून खोटं बोललीस." त्यानंतर तो तिच्याशी बोलायचा बंद झाला. डबा भरून ठेवलेला असायचा, तो न घेता कारखान्यावर जायचा. वहिनी दारात डबा हातात घेऊन उभी राहायची आणि सायकल वळली की आत यायची. माझ्याशी तिने एकदाच काढलं, "ताई, तुमच्या त्या प्याल्याला इचारा ना अजून एकदा." मी विचारत होते. रोज विचारत होते. रोज तेच उत्तर मिळत होतं आणि मी रोज त्याला शिव्या देत होते.

दसऱ्याला काकू आपट्याची पानं घेऊन आल्या, सोनं दिलं आणि ओट्यावर टेकल्या. "सुटले बाई एकदाची," म्हणाल्या, "उपासांनी अंगच सुटतं माझं. नवरात्र झालं की बांगड्या घट्ट होतात." मी विचारलं, "उपासाला काय काय खाता, काकू?" त्यांनी सांगितलं. सकाळी खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, मग रताळ्याचा कीस, केळी, राजगिऱ्याचे लाडू, रात्री बटाट्याची भाजी आणि पुन्हा भगर. मी बोटांवर मोजत होते. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण मी शंभरदा ऐकली असेल, हसत वापरलीही असेल. पण तिला कुणी खरं मानतं का? एवढं पिष्ट पोटात गेल्यावर कुठली राख आणि कुठला पाहुणा. म्हणजे त्या पिवळ्या नळ्या बरोबर होत्या. माझा पेला त्या बायकांबद्दल पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.

मग वहिनी? तिने चोरून उपास केला असता, तर तोही असाच साबुदाण्याचा केला असता. नळी पिवळीच राहिली असती. म्हणजे तो उपास नव्हता. मग होतं काय? काकूंना पान-सुपारी दिली, त्या गेल्या, तरीही मला उत्तर सापडत नव्हतं. माझी गणना विद्वानांत होत होती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. मी शिपायाकडून प्रयोगशाळा उघडून घेतली. शिपाईमामा आत गेले आणि कपाळाला आठ्या घालून बाहेर आले. "मॅडम, तुमच्या बाटल्यांना मुंग्या लागल्यात. पावडर मारू का?" साखर कारखान्याच्या गावात मुंग्यांचं कौतुक कुणाला? त्या बाकावर येतात, डब्यात येतात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात येतात. मी म्हटलं, मारा. मग त्यांच्यामागे आत गेले. खिडकीत सगळ्या बाटल्या रांगेने उभ्या होत्या. मुंग्यांची ओळ खिडकीच्या फटीतून निघाली होती, माझ्या बाटलीला वळसा घालून, दादाच्या बाटलीला वळसा घालून सरळ एकाच बाटलीवर चढली होती. बुचाच्या कडेला काळा गोंडा जमला होता.

मुंगीला तीन कोटेशनं लागत नाहीत.

बेनेडिक्टचं निळं द्रावण प्रत्येक कॉलेजात असतं, अकरावीची पोरं त्याने ग्लुकोज शोधतात. मी वहिनीच्या बाटलीतले थेंब त्यात टाकून बर्नरवर धरले. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं, आणि मग विटकरी लाल. गच्च लाल. तिच्या अंगात साखर तुंबली होती, पण ती पेशींच्या आत जात नव्हती. रक्तात साखर वाहून चाललेली आणि शरीर आतून उपाशी. म्हणून भूक, म्हणून तहान, म्हणून ते मोरीत जाणं, म्हणून ब्लाऊजला टाक्यांवर टाके. आई शिरा भरवत होती ती साखर विषासारखी तिच्या अंगात साचत गेली होती. आणि माझा पेला रोज सांगत होता, की ही बाई उपाशी आहे. तो एवढंच सांगू शकत होता. का उपाशी आहे हे त्याला विचारण्याची सोय मी त्यात ठेवली नव्हती.

सायकल कशी हाणली आठवत नाही. घरात शिरले तर ॲसिटोनचा वास आला. मी नेहमीच्या सवयीने हात हुंगले. हाताला आज वास नव्हता, आज मी चंबू धुतलेच नव्हते. वास खोलीतून येत होता. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती, छाती भात्यासारखी हलत होती, शेजारी ओकारी झालेली. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला म्हणत होती, "काय लपवतीस गं, सांग की मला." तो वास वहिनीच्या श्वासाला होता, त्या राखेतल्याच एका भावंडाचा. किती दिवस होता कुणास ठाऊक. इतके दिवस मी तो स्वतःचा समजत होते. काकूंनी जीप काढली, वहिनीला उचलून मागच्या सीटवर घेतलं, तिचं डोकं स्वतःच्या मांडीवर ठेवलं आणि ड्रायव्हरला दवाखान्याकडे पिटाळलं.

पुढे मी सगळं लिहून सरांना दाखवलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं. "एका बाईच्या नमुन्यावर शास्त्र होत नाही," म्हणाले. "बाकीच्या सगळ्या पिवळ्या, ही एकटी वेगळी. ही वगळा." चूक म्हणता येत नव्हतं, शास्त्रात असंच असतं. मला ते जमलं नाही. रागाच्या भरात मी विषयच सोडला आणि पुढे दुसऱ्याच कशावर तरी पदवी घेतली, कोरड्या क्षारांवर, ज्यांना माणसांशी काही देणंघेणं नाही. तिसरं कोटेशन दिवाळीनंतर कुठूनसं आलं आणि ते रसायनही आलं. ते फोडायची वेळ आली नाही. आता तर कागदाची एवढीशी पट्टी मिळते औषधाच्या दुकानात. वहिनीच्या फ्रीजच्या दारात तिचा डबा असतो, इन्सुलिनच्या शेजारी. वहिनी साठी ओलांडून गेली आहे, सुई स्वतः टोचते आणि माझ्याहून झरझर जिने चढते. म्हणजे सगळं बरं झालं म्हणायचं. मग नवरात्र आलं की माझ्या डोक्यात तिडीक का जाते? पेला खोटा असता तर मी त्याला केव्हाच विसरले असते. तो खरा होता. घरातही कुणी दुष्ट नव्हतं. आईने मायेने भरवलं, दादाने विचार करून अर्थ लावला, मी पुन्हापुन्हा तपासलं. खऱ्या उपकरणाने आणि भल्या माणसांनी मिळून एका बाईला खोटं पाडलं, आणि मला अजून रागवायला कुणी सापडत नाही.

त्या दिवशी दवाखान्यात सलाईन लागलं तेव्हा दादा कारखान्यावरून धावत आला होता. अंगात काट्यावरचाच खाकी शर्ट. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, वहिनीकडे बघेना. बॉयलर आदल्या दिवशी पेटला होता आणि खिडकीतून पहिल्या धुराचा वास येत होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद ओढला आणि आईला विचारलं, "आजी, गेल्या आठ-पंधरा दिवसांत यांचं जेवण कसं होतं? जेवत होत्या का?"

आईने वहिनीच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "जेवत हुती. लई जेवायची. दोन मानसांचा भात एकली खायची. माज्या म्होरं बसून खायची."

"उपासतापास काही?"

"न्हाई. एक बी उपास केला न्हाई तिनं."

"उलट्या?"

"आजच झाली. त्याआधी न्हाई. म्या मोरीच्या दाराशी जाऊन ऐकायची. कधी ओकली न्हाई ती."

डॉक्टर लिहीत होते. मी आईकडे बघतच राहिले. मोरीच्या दाराशी ती जात होती हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिने ते घरात कधी सांगितलं नव्हतं. वहिनीने डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते, आवाज फुटायला वेळ लागला.

"आत्या," ती म्हणाली, "ह्ये पुन्यांदा सांगा. ह्यास्नी ऐकू जाईल आसं."

आईने मान वळवली आणि दादाकडे बघून पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं.